लाईट आली, राउटर सुरू झाला, तरी नेट का येत नाही? गोची वायरमध्ये नसते, एका रजिस्टरमध्ये असते

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतोय का?

कोरोनाचा काळ होता. निम्मी नवी मुंबई घरून काम करत होती, उरलेल्या निम्म्यांची पोरं ऑनलाइन शाळेत बसली होती. आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाईट एका झटक्यात गेली. कळवा आणि पडघा यांच्यामधल्या ४०० केव्हीच्या लाईनी ट्रिप झाल्या होत्या. लोकल जागेवर थांबल्या, कॉलेजच्या परीक्षा पुढे गेल्या आणि ट्विटरवर मीम्सचा पाऊस पडला.

पण आज त्या लाईटची गोष्ट सांगायची नाहीये. लाईट परत आल्यावर जो पुढचा अर्धा तास असतो ना, त्याची सांगायची आहे.

मी नेरुळला राहते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे वीसेक मिनिटं लाईट गेली. आली तेव्हा राउटर सुरू झाला, वायफायच्या सगळ्या कांड्या दिसल्या, फायबरच्या डब्यावरची हिरवी लाईटही लागली. फक्त नेट नाही. केबलवाल्या दादांना फोन केला तर ठरलेलं उत्तर, "मॅडम, सर्व्हर डाऊन आहे, होईल थोड्या वेळात."

चाळीस मिनिटांनी आपोआप झालं. कुणी घरी आलं नाही, कुणी खांबावर चढलं नाही.

आता डोक्यात किडा वळवळायला लागला. वायर तुटली नव्हती, मग बिघडलं काय आणि दुरुस्त काय झालं? अशाच एका छोट्या इंटरनेट कंपनीत नाईट शिफ्ट करणाऱ्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, "वायर ठणठणीत असते गं. टेबल अडकतं."

टेबल म्हणजे जेवायचं नाही, डेटाबेसमधलं. ही गोष्ट त्या टेबलची आहे.

तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं रजिस्टर असतं बघा. नाव, फ्लॅट नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. इंटरनेट कंपनीकडेही अगदी असंच एक रजिस्टर असतं. तुमचा राउटर चालू झाला की तो कंपनीच्या गेटवर जाऊन युजरनेम-पासवर्ड सांगतो. गेटवरचं मशीन आत विचारतं, हा आपला माणूस आहे का? पैसे भरलेत का? प्लॅन किती एमबीपीएसचा? या प्रश्नांची उत्तरं देणारा आणि नंतर हिशोब लिहून ठेवणारा जो कारकून आहे, त्याचं नाव रेडियस सर्व्हर.

रेडियस म्हणजे रिमोट ऑथेंटिकेशन डायल-इन युजर सर्व्हिस. नावातलं डायल-इन बघूनच वय कळतं. १९९१ मध्ये लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस नावाच्या अमेरिकन कंपनीने हे बनवलं, फोनच्या लाईनवरून नेट लावायच्या जमान्यासाठी. भारतात तेव्हा सामान्य माणसाला इंटरनेट मिळतच नव्हतं, ते व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं. तेव्हा नेट तासांवर मोजलं जायचं, म्हणून कोण कधी आला आणि कधी गेला हे लिहून ठेवणं हाच खरा धंदा होता. त्या हिशोबाचे नियम आरएफसी २८६६ या कागदात जून २००० मध्ये लिहिले गेले आणि आज तुमच्या घरातलं फायबर कनेक्शनही बऱ्याच ठिकाणी त्याच नियमांवर चालतं. (मोबाईलवाल्यांनी नंतर याची पुढची आवृत्ती घेतली, तिचं नाव डायमीटर. त्रिज्येच्या दुप्पट व्यास. इंजिनिअर लोकांचे विनोद हे असे असतात.)

तर हिशोब कसा चालतो? तुम्ही आलात की गेटवरून एक चिठ्ठी जाते, 'स्टार्ट'. गेलात की दुसरी, 'स्टॉप'. आणि मधल्या काळात दर काही मिनिटांनी तिसऱ्या प्रकारची, 'इंटरिम अपडेट'. म्हणजे हा माणूस अजून आतच आहे आणि आतापर्यंत त्याने एवढा डेटा वापरला. प्रत्येक चिठ्ठी आली की कारकून रजिस्टरमध्ये लिहितो आणि लिहून झालं की गेटला 'मिळाली' असं कळवतो.

फ्रीरेडियस नावाचं फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर जगभरातल्या लहानमोठ्या कंपन्या वापरतात. त्यात या रजिस्टरला रॅडअ‍ॅक्ट म्हणतात. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसमधलं एक साधं टेबल. एक सेशन, एक ओळ.

दिसायला साधं आहे, पण जरा आकडेमोड करू. समजा एका नोडमधल्या छोट्या कंपनीकडे ५,००० ग्राहक आहेत आणि इंटरिम अपडेट दर पाच मिनिटांनी येतं. तासाला प्रत्येकाच्या १२ चिठ्ठ्या, म्हणजे ६०,०००. दिवसाला १४ लाख ४० हजार. सेकंदाला साधारण १७ वेळा कारकुनाने रजिस्टर उघडायचं, बरोबर ओळ शोधायची आणि त्यात लिहायचं. तेही कुणी नवीन आला नाही, कुणी गेला नाही अशा शांत वेळी.

आणि ओळी किती साठतात? प्रत्येक ग्राहक दिवसातून तीनदा जोडला-तुटला धरला तर रोज १५,००० ओळी. वर्षाला जवळपास ५५ लाख. दोन वर्षांत एक कोटीच्या वर.

एक कोटी ओळींच्या रजिस्टरमध्ये तुमची ओळ शोधायची कशी, इथे खरी मेख आहे.

पुस्तकाच्या मागे सूची असते, तशी डेटाबेसमध्ये इंडेक्स असते. ती बरोबर असेल तर एक कोटीतली एक ओळ डोळ्याची पापणी लवायच्या आत सापडते. नसेल तर डेटाबेस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसतो. गंमत म्हणजे सुरुवातीला हे कुणालाच जाणवत नाही. टेबलात पन्नास हजार ओळी असताना सगळं वाचलं तरी क्षणात होतं. कंपनी सुरू करताना ज्याने सिस्टीम बसवून दिली तो पैसे घेऊन गेलेला असतो. टेबल गुपचूप वाढत राहतं. मग दीड-दोन वर्षांनी एका पावसाळी संध्याकाळी लाईट जाते.

आता त्या चाळीस मिनिटांत काय झालं ते बघू.

लाईट गेली तेव्हा फक्त घरातले राउटर बंद पडले असते तर गेटवरच्या मशीनला थोड्या वेळात कळलं असतं आणि त्याने सगळ्यांच्या 'स्टॉप' चिठ्ठ्या पाठवल्या असत्या. पण बॅटरी संपून गेटवरचं मशीनच बंद पडलं तर? मग चिठ्ठी पाठवणार कोण? रजिस्टरमध्ये हजारो माणसं 'आत' दाखवत राहतात. बाहेर गेल्याची वेळ कोरी.

लाईट येते. गेटचं मशीन उठतं आणि नियमाप्रमाणे एक चिठ्ठी पाठवतं, 'अकाउंटिंग-ऑन'. मी नुकताच उठलोय, माझ्या नावावरची सगळी जुनी सेशन बंद करा. कारकून डेटाबेसला सांगतो, या गेटच्या ज्या ओळींत बाहेर गेल्याची वेळ कोरी आहे त्या शोध आणि भर. इंडेक्स नसेल तर हे एक वाक्य एक कोटी ओळी चाळायला लावतं.

तेवढ्यात ५,००० राउटर दोन-तीन मिनिटांत दारावर येऊन उभे राहतात. प्रत्येकासाठी पासवर्ड तपासा, प्लॅन बघा, आणि एका खात्यावर एकच कनेक्शन असा नियम असेल तर हा माणूस आधीच आत आहे का तेही बघा. त्याची जुनी ओळ अजून बंद झालेली नसते. मग उत्तर जातं, "तू आधीच आत आहेस." माणूस बाहेर अंधारात उभा आणि रजिस्टर म्हणतंय तो घरात बसलाय.

यावर कडी म्हणजे गेटचं मशीन वाट बघत नाही. रेडियसच्या चिठ्ठ्या यूडीपीवरून जातात, म्हणजे पोच आली तरच मिळाली समजायचं. ठरलेल्या वेळेत पोच आली नाही की मशीन तीच चिठ्ठी पुन्हा पाठवतं, मग पुन्हा. कारकुनाच्या टेबलावर आधीच ढीग, त्यात प्रत्येक चिठ्ठीच्या तीन-तीन प्रती. डेटाबेस हळू म्हणून चिठ्ठ्या जास्त, आणि चिठ्ठ्या जास्त म्हणून डेटाबेस अजून हळू.

याला मित्राच्या ऑफिसात 'सर्व्हर डाऊन' म्हणतात. सर्व्हर चालू असतो. सीपीयू घाम गाळत असतो.

इथे बहुतेक लोक पहिली चूक करतात. शिव्या रेडियसला घालतात, तो रिस्टार्ट करतात, नवीन मशीन आणायची भाषा करतात. रेडियस बिचारा डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत हात बांधून बसलेला असतो. त्याच्या लॉगमध्ये ते स्पष्ट लिहिलेलंही असतं. अमुक रिक्वेस्ट अडकली, कुठे अडकली तर एसक्यूएल मॉड्यूलमध्ये. ती ओळ वाचली की अर्धं निदान झालं.

उरलेलं अर्धं डेटाबेसलाच विचारायचं. मायएसक्यूएलमध्ये स्लो क्वेरी लॉग नावाची सोय आहे, जे प्रश्न जास्त वेळ खातात ते वेगळे लिहून ठेवते. पण ती मुळात बंद असते आणि चालू केली तरी 'जास्त वेळ' म्हणजे १० सेकंद असं धरलेलं असतं. रेडियसच्या जगात १० सेकंद म्हणजे युग झालं, तोवर गेटने चिठ्ठी कधीच परत पाठवलेली असते. म्हणून ती मर्यादा एक सेकंदाच्या खाली आणायची. मग जो प्रश्न वारंवार दिसतो त्याच्या आधी 'एक्सप्लेन' हा शब्द लावून चालवायचा. डेटाबेस स्वतः सांगतो, मी इंडेक्स वापरली की सगळं टेबल वाचलं, अंदाजे किती ओळी चाळल्या. एका ग्राहकासाठी ९० लाख ओळी असं उत्तर आलं की चोर सापडला.

कधी कधी इंडेक्स असते तरी वापरली जात नाही. कुणीतरी रिपोर्ट बनवताना तारखेच्या रकान्यावर फंक्शन लावलेलं असतं. "वेळेतून फक्त तारीख काढ आणि मग जुळव." सूची वेळेनुसार लावलेली आहे, तुम्ही विचारताय वेगळंच काहीतरी, मग तो पुन्हा पहिल्या पानापासून. "आज रात्री बारापासून उद्या रात्री बारापर्यंत" असं विचारलं असतं तर सूची कामाला आली असती.

मग सगळ्या रकान्यांवर इंडेक्स लावून टाकू? नको. प्रत्येक नवीन ओळ लिहिताना प्रत्येक सूचीतही नोंद करावी लागते. वीस सूच्या असलेल्या पुस्तकात एक पान वाढवायचं म्हणजे वीस ठिकाणी खाडाखोड. फ्रीरेडियसच्या पोस्टग्रेसक्यूएलसाठीच्या रचनेत यावर एक सुंदर युक्ती आहे. ज्या ओळींत बाहेर गेल्याची वेळ कोरी आहे फक्त त्यांचीच वेगळी सूची. कोटभर ओळींतली आत्ता जिवंत अशी पाच हजारच, सूची तेवढ्याचीच. मला वैयक्तिकरीत्या ही आयडिया फार आवडली.

दोन सेटिंगही बघावी लागतात. मायएसक्यूएल टेबलचे तुकडे रॅममध्ये ठेवायला मुळात १२८ एमबी जागा धरतो. सर्व्हरमध्ये ३२ जीबी रॅम घातलेली असते आणि डेटाबेस १२८ एमबीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो, कारण तो आकडा कुणी बदललाच नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक नोंद पक्की करताना तो डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणारी साधी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, त्यामुळे अशा पक्क्या नोंदी सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. एसएसडी लावली की हा अडथळा बराच सुटतो. डिस्कवर दर सेकंदाला एकदाच उतरव असंही सांगता येतं, पण मग मशीन अचानक बंद पडलं तर शेवटच्या सेकंदाभराचा हिशोब गेला.

आणि एक गुन्हेगार माणूस असतो. मालक. महिनाअखेरीला संध्याकाळी सात वाजता, जेव्हा सगळं गाव नेटवर असतं, तेव्हा ते पोर्टल उघडून "या वर्षात कुणी किती जीबी वापरलं" असा रिपोर्ट काढतात. तोच प्रश्न त्याच टेबलवर, जिथे कारकून सेकंदाला १७ वेळा लिहितोय. रिपोर्टसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवायची, हे मालकांना पटवणं हा तांत्रिक प्रश्न नाही असं मित्राचं म्हणणं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास कशाला? जुन्या ओळी उडवून टाका की. प्लॅन अनलिमिटेड आहे, हिशोब हवाय कुणाला?

सरकारला हवाय. इंटरनेट कंपन्यांना परवान्याच्या अटींनुसार या नोंदी आधी किमान एक वर्ष ठेवाव्या लागत होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने ती मुदत दोन वर्षं केली. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इननेही आदेश काढला, सिस्टीमचे लॉग १८० दिवस भारतातच ठेवा आणि घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवा. कारण सायबर गुन्हा घडला की पोलिसांच्या हातात बहुतेक वेळा एवढंच असतं, एक आयपी अ‍ॅड्रेस आणि एक वेळ. त्या वेळी तो आयपी कुणाकडे होता, याचं उत्तर या रजिस्टरमध्ये असतं. (एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असेल तर पोर्ट नंबरचा वेगळा लॉगही लागतो, तो अजून मोठा.)

या एका ओळीचं वजन किती असू शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण इंजिनिअरला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. पुरावा होता आयपी अ‍ॅड्रेस. नंतर कळलं की इंटरनेट कंपनीने दिलेली माहिती चुकीच्या ग्राहकाची होती. तोवर त्या माणसाचे पन्नासेक दिवस येरवड्यात गेले होते.

ते प्रकरण स्लो डेटाबेसमुळे झालं नव्हतं. पण आता आपल्या अडकलेल्या टेबलकडे परत या. समजा गर्दीत तुमची 'स्टॉप' चिठ्ठी हरवली. गेटने तुमचा आयपी पुढच्या माणसाला दिला. रजिस्टरमध्ये तुमची ओळ उघडीच आहे, त्याचीही उघडी आहे. एका आयपीवर, एकाच वेळी, दोन माणसं. कुणीतरी नंतर साफसफाई करताना तुमच्या ओळीत 'आत्ताची' वेळ टाकून ती बंद करतो. आता कागदोपत्री तुम्ही दोन तास जास्त ऑनलाइन होतात, दुसऱ्याच्या आयपीवर.

म्हणून जाणकार लोक अनाथ ओळी बंद करताना आत्ताची वेळ टाकत नाहीत. शेवटचं इंटरिम अपडेट कधी आलं ती वेळ टाकतात. माणूस निदान तोवर नक्की आत होता.

आणि म्हणूनच ओळी उडवायच्या नसतात, हलवायच्या असतात. चालू टेबलमध्ये उघडी सेशन आणि फार तर महिना-दोन महिन्यांची बंद झालेली. बाकी सगळं महिन्यामहिन्याच्या वेगळ्या टेबलांत, पहाटे तीन वाजता, हजार-हजार ओळींच्या हप्त्यांनी. एकदम चाळीस लाख ओळी हलवायला गेलात तर तेच टेबल तासभर अडकतं, हा अनुभव घेऊन झालेले बरेच जण आहेत. पोलिसांचं पत्र आलं की जुन्या टेबलांत शोधा, तिथे दहा सेकंद लागले तरी कुणाचं नेट अडत नाही.

दुसरा उपाय कारकुनाला डेटाबेसची वाटच बघायला लावायची नाही. चिठ्ठी आली की आधी साध्या फाईलमध्ये उतरवायची, गेटला लगेच पोच द्यायची, आणि मागून दुसरा कुणीतरी सावकाश फाईलमधून डेटाबेसमध्ये भरत राहील. फ्रीरेडियसमध्ये ही सोय आहेच. लाईट आल्यावरची गर्दी फाईलमध्ये साठते आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. फक्त तेवढा वेळ 'आत कोण आहे' ही माहिती थोडी शिळी असते, त्यामुळे एक खातं-एक कनेक्शनची तपासणी जरा सैल ठेवावी लागते.

तिसरं अगदी सोपं. इंटरिम अपडेट दर पाच मिनिटांनी हवंच का? नियमाच्या कागदात हे अंतर ६० सेकंदांपेक्षा कमी नकोच आणि शक्यतो ६०० सेकंदांपेक्षाही कमी नको असं म्हटलंय. पाचाचे दहा मिनिटं केले की लिखाण निम्म्यावर आलं, एक रुपया खर्च न करता.

राहिला प्रश्न आपला. पुढच्या वेळी लाईट आली आणि नेट आलं नाही तर फायबरच्या डब्याकडे बघा. एलओएस लिहिलेली लाईट लाल असेल तर गोची खरंच वायरमध्ये आहे, तक्रार टाका. लाल नसेल, पॉनची लाईट हिरवी स्थिर असेल आणि राउटरच्या पेजवर पीपीपीओई कनेक्ट होत नाही असं दिसत असेल, तर तुम्ही बहुधा त्या रांगेत उभे आहात. अशा वेळी दर मिनिटाला राउटर बंद-चालू करू नका, प्रत्येक वेळी कारकुनाच्या ढिगावर अजून एक चिठ्ठी पडते. केबलवाल्या दादांना एवढंच विचारा, "माझं जुनं सेशन अडकलंय का, क्लिअर करता का?"

मी मागच्या महिन्यात विचारलं. दादा दोन सेकंद गप्प झाले, मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही आयटीत आहात का?" तीन मिनिटांत नेट आलं.